नाईट ड्युटीवाल्या हातासाठी अंगठी : सोलापुरातलं एक प्रकरण

मागच्या डिसेंबरात रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला, इकडची तिकडची चौकशी नाही काही नाही, डायरेक्ट "ताई, एक कॅरेटचा हिरा घेऊ का?" मी विचारलं कुणासाठी, तर गप्प. मग हळूच म्हणाला, "तुला माहितीये की." माहिती होतंच, घरात सगळ्यांनाच माहिती होतं, फक्त कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

मी आठ वर्षं एका सराफी दुकानात हिऱ्यांच्या काउंटरला होते, आता ते काम सोडलंय. त्या आठ वर्षांत प्रपोज करायला अंगठी घेणारी पोरं मी भरपूर बघितली आणि जवळपास सगळी एकाच प्रश्नापासून सुरू करतात, किती कॅरेट घेऊ. माझं म्हणणं असं आहे की तो प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी ती अंगठी ज्या हातात जाणार तो हात दिवसभर काय करतो ते बघायचं, मग बोटाचं माप, मग कोंदण कसलं, आणि दगड त्यानंतर. हे प्रकरण पहिल्या फोनपासून लिहून काढतेय ते त्यासाठीच, आमचं जे चुकलं तेही यात आहे. दोघांना विचारून लिहितेय, नावं घालत नाही, दुकानांचीही नाही.

माणसं आणि पैसे

भाऊ २८ चा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. ती २६ ची, एका हॉस्पिटलात आयसीयूत स्टाफ नर्स, आणि नाईट जास्त. तिचं घर पूर्व भागात, घरात तेलुगू, वडिलांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही ऐकू येतात आणि भाजीवाली तिन्हीत भाव सांगते. पण लग्नाचा विषय निघाला की दोन्ही घरं जरा सावध होतात, हे पण खरं.

त्याला तिला स्वतः विचारायचं होतं, मोठी माणसं बोलायच्या आधी. आपल्याकडे अंगठी खरं तर साखरपुड्याला येते, त्याआधी मागणी, बोलणी, याद्या असं सगळं झालेलं असतं, त्यामुळे मावशीला हे प्रकरण पहिल्यांदा कळलंच नाही की आधी अंगठी देऊन विचारायचं म्हणजे काय, ती नाही म्हणाली तर अंगठीचं काय करणार. भावाचं उत्तर मला आवडलं होतं. म्हणाला, "आई, तुम्ही चार माणसं घेऊन तिच्या घरी गेल्यावर तिला नाही म्हणता येणार नाही. मी एकट्यानं विचारलं तर येईल."

पैसे ७५ हजार, दोन वर्षांत साठवलेले. पण डोक्यात कुठून तरी बसलं होतं की अंगठीला तीन महिन्यांचा पगार लागतो, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून वरचे क्रेडिट कार्डावर हप्त्यानं करायचा विचार चाललेला. त्याला सांगितलं की हा नियम शास्त्रात नाही की रूढीत नाही, ही जाहिरात आहे. डी बीअर्स या हिऱ्याच्या कंपनीनं १९४७ मध्ये हिरा म्हणजे कायमचा अशी स्लोगन आणली आणि पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत दोन महिन्यांच्या पगाराची कल्पना जाहिरातीतूनच पसरवली, देश बदलला की महिने पण बदलले. त्यांच्या धंद्याचं गणित तू तुझ्या कार्डावर का फेडतोस? कर्ज काढून प्रपोज करायचं नाही ही माझी एकच अट होती, कारण ते कर्ज लग्नानंतर तिलाही फेडावं लागतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

आधीच बघून झालेली तीन दुकानं

फोन करायच्या आधी साहेब तीन ठिकाणी जाऊन आले होते. एका रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन तिथं मॉलमध्ये १.०२ कॅरेटची लॅब ग्रोन सॉलिटेअर, म्हणजे लॅबमध्ये बनवलेल्या एकाच हिऱ्याची अंगठी, बघितली, उंच चार नख्यांवर बसवलेली, ७२ हजार. तिथल्या पोरानं पेनासारखं मशीन हिऱ्याला लावलं, बीप वाजलं, आणि म्हणाला बघा सर, ओरिजिनल. भाऊ त्या बीपवरच फिदा.

इथं मला थांबून सांगावं लागतं कारण यात लै लोक फसतात. ते मशीन उष्णता किती पटकन वाहून जाते ते बघतं. हिरा उष्णता झटकन ओढतो, काच ओढत नाही, म्हणून काच असेल तर बीप येत नाही. पण लॅबमध्ये बनवलेला हिरासुद्धा कार्बनचाच, खाणीतल्यासारखाच स्फटिक, तेवढाच कडक, त्यामुळे बीप दोन्हीला येतो. एवढंच काय, मोइसनाइट नावाचा एक खडा येतो तो हिरा नसतो तरी साध्या मशीनवर तो पण वाजतो. म्हणजे त्या बीपनं काच नाही एवढंच कळतं. खाणीतला की लॅबमधला हे कळायला लॅबची मोठी यंत्रं लागतात, डोळ्याला किंवा लूपला, म्हणजे सराफाच्या भिंगाला, ते दिसत नाही, मी आठ वर्षं रोज लूप लावून बसलेली बाई आहे, मलाही दिसत नाही.

दुसरं दुकान सोलापुरातलंच, मोठं. तिथं खाणीतला ३० सेंटचा, जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट असलेला, अंगठीसकट ८८ हजार. (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, आणि १ कॅरेट म्हणजे २०० मिलीग्रॅम, ग्रॅमचा पाचवा हिस्सा फक्त.) दगड चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. बजेटच्या वर जात होता म्हणून त्यांनी लगेच हप्त्याचा फॉर्म पुढे केला.

तिसऱ्या दुकानाचा मात्र राग आला. तिथं सात छोटे हिरे जवळ जवळ बसवून लांबून एक मोठा दिसेल अशी अंगठी दाखवली, ६४ हजार, आणि भावाला वाटलं एवढ्यात एक कॅरेट मिळतोय. त्यानं अंदाजी बिलाचा फोटो पाठवला होता, तो मी मोठा करून वाचला. सातही हिरे मिळून ०.६२ कॅरेट, म्हणजे ०.१२४ ग्रॅम. पण सोन्याचा भाव लावताना वजन धरलं होतं ते हिऱ्यांसकट, म्हणजे हिऱ्यांचे पैसे हिऱ्याच्या भावानं एकदा आणि परत सोन्याच्या भावानं एकदा. रक्कम हजार-दीड हजाराची असेल, पण एका गिऱ्हाइकाकडून हजार म्हणजे वर्षभरात किती होतात. आणि सर्टिफिकेट म्हणून जे दिलं होतं ते दुकानाचंच छापील कार्ड. विकणाराच स्वतःच्या मालाला मार्क देणार असेल तर ते सर्टिफिकेट कसलं.

पहिला प्रश्न

मी त्याला विचारलं, ती ड्युटीवर हातानं काय काय करते सांग. तर म्हणाला, नर्सिंग. अरे नर्सिंग म्हणजे काय काय? चार वर्षं ओळख, पण हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मग दोन दिवस तिच्याशी गप्पा मारत मारत विचारून घेतलं आणि मला एक मोठा मेसेज पाठवला, तो मेसेज म्हणजे या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट ठरली. एका रात्रीत किती तरी वेळा ग्लोव्हज घालणं-काढणं. पेशंटला कुशीवर वळवणं, त्याच्या पाठीखाली हात घालून. सलाईनच्या, सक्शनच्या नळ्या. हात सारखे धुणं, सॅनिटायझर. आणि सांडलं-लवंडलं की हायपोक्लोराइट, ते ब्लीचसारखं पाणी.

आता या हातात ती पुण्याची उंच नख्यांची अंगठी घालून बघा. पहिल्याच ग्लोव्हला नखी अडकणार आणि ग्लोव्ह फाटणार, आणि आयसीयूत फाटका ग्लोव्ह म्हणजे गंमत नाही. पेशंटच्या पाठीखाली हात घातला तर त्याच्या कातडीला ओरखडा, म्हाताऱ्या माणसाची कातडी तर कागदासारखी असते. क्लोरीनवाल्या पाण्यानं सोन्यात मिसळलेले बाकीचे धातू हळूहळू खराब होतात, आणि बारीक नखी कमकुवत झाली की एक दिवस दगड गळून पडतो, कधी पडला ते कळत पण नाही. काउंटरला असताना मोकळी अंगठी घेऊन येणाऱ्या बायका मी बघितल्यात, रडत यायच्या. एक कॅरेट गोल हिरा साडेसहा मिलिमीटरचा असतो, आणि तो बोटापासून वर उचललेला. भावाला हे सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्यानं एक कॅरेट हा शब्द परत कधी काढला नाही.

ठरलं ते बंद कोंदण. म्हणजे हिऱ्याच्या भोवतीनं सोन्याची सलग कड, बोटाला लागून, अडकायला काही नाही, दुकानात त्याला बेझल म्हणतात. आपल्या आज्यांच्या कुड्या नि नथी बघा, खडे बरेचदा असे कडेनं धरलेले असतात, नख्यांवर उचललेला एकटा हिरा ही आपल्याकडची फॅशन अलीकडची. बेझलला सोनं थोडं जास्त लागतं आणि दगडाची कड झाकली जाते म्हणून तो किंचित लहान दिसतो. पण रोज घालायची अंगठी असेल तर मी कुणालाही हेच सांगीन, नर्स असो, शाळेतली बाई असो, घरी कणीक मळणारी असो, कणीक तर नख्यांच्या खाली अशी बसते की विचारू नका.

माप : गड्डा यात्रेतली करामत

तिला न कळता माप कसं घ्यायचं. नेटवर दोरा गुंडाळायच्या आयडिया आहेत, झोपेत बिपेत, त्या आमच्या कामाच्या नव्हत्या. तिची एक मैत्रीण आमच्यात सामील झाली आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा होतीच, होम मैदानावर सगळे स्टॉल लागलेले. दोघी गेल्या, मैत्रिणीनं खड्यांच्या अंगठ्यांच्या स्टॉलवर दहा अंगठ्या हिला घालून बघायला लावल्या आणि अनामिकेत जी नीट बसली ती तिला घेऊन दिली, आणि तसलीच एक स्वतःच्या पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे. सराफाकडच्या मापाच्या दांड्यावर घातली, आपलं इंडियन ११ निघालं.

पण ११ मी मान्य केलं नाही. यात्रेतलं माप म्हणजे जानेवारीची संध्याकाळ, गार वारा, बोटं आकसलेली. आपलं सोलापूर मे महिन्यात ४३-४४ ला जातं, तेव्हा बोटं सुजतात, आणि जानेवारीत नीट बसलेली अंगठी मे मध्ये साबण लावून काढायची वेळ येते. एका नंबरचा फरक बोटाच्या घेरात साधारण एक मिलिमीटर, व्यासात तर मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढाच, पण सांध्यावर तोच फरक जाणवतो. म्हणून १२ करायचं ठरवलं, थंडीत जरा फिरली तर फिरू दे, आतून दोन बारीक मणी झाळून, म्हणजे डाग देऊन चिकटवून, घेता येतात.

यात्रेवरून आठवलं म्हणून सांगते. आपल्या गावातला सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे लग्नच आहे, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, संमती कट्ट्यापाशी संमती वाचली जाते आणि हजारो लोक अक्षता टाकतात. त्या कथेत लग्नाची इच्छा आधी तिनं बोलून दाखवलीय. मी भावाला म्हणलं, तू जे करतोयस ते काही परदेशातून आणलेलं नाही, समोर जाऊन विचारायचं हे आपल्या गावात शेकडो वर्षं चालत आलंय.

दगड : इथं मावशी आली

आता कुठं दगडाचा नंबर लागला. आणि इथं मावशीनं भाग घेतला. तिचे मुद्दे तीन होते. एक, हिरा सगळ्यांना लाभत नाही, तो शुक्राचा, पत्रिका बघून घालायचा, आधी चार दिवस उशाखाली ठेवून बघायचा. दोन, हिऱ्याला मोड नसते, सोन्याला असते. तीन, फॅक्टरीत बनवलेला हिरा म्हणजे खोटाच, पोरीच्या घरी कळलं तर काय म्हणतील.

पहिल्या मुद्द्यावर मी वाद घातला नाही. ज्याची श्रद्धा त्यानं बघावं, पण अंगठी घालणारीनं बघावं, तिच्या सासूनं नाही, एवढं बोलले. दुसऱ्या मुद्द्यावर मावशी शंभर टक्के बरोबर आहे आणि मी तिच्यासमोर भावाला तसं सांगितलं. हिरा विकायला गेलात तर घेतलेल्या भावाच्या जवळपासही मिळत नाही, खाणीतल्याला दुकानाच्या बायबॅकच्या अटीप्रमाणे काहीतरी मिळतं, लॅबच्या हिऱ्याला बऱ्याच ठिकाणी फार थोडं किंवा काहीच नाही, आणि त्याचे नव्याचे भाव गेल्या काही वर्षांत इतके उतरलेत की जुना कोण घेणार. पैसे परत येतील म्हणून हिरा घेऊ नका. त्यासाठी सोनं घ्या.

तिसरा मुद्दा मात्र चुकीचा. लॅबचा हिरा कसा होतो ते तिला सांगितलं, हिऱ्याचीच एक पातळ चकती बी म्हणून बंद भांड्यात ठेवतात, आत मिथेन आणि हायड्रोजन, त्यातला कार्बन थरावर थर त्या बियावर बसत जातो, काही आठवडे लागतात, याला सीव्हीडी म्हणतात. दुसरी पद्धत प्रचंड दाबाची आणि उष्णतेची, एचपीएचटी. मग तो कच्चा दगड खाणीतल्यासारखाच पैलू पाडायला जातो, आणि जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू आपल्या सुरतेतच पडतात. २०२३ मध्ये मोदींनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला तो लॅबमधलाच होता, हे ऐकून मावशी जरा नरमली. खोटेपणा दगडात नसतो, न सांगता देण्यात असतो. म्हणून माझी दुसरी अट अशी की लॅबचा घेतलास तर तिला त्याच दिवशी, तिनं विचारायच्या आधी सांगायचं.

भावानं दोन रात्री विचार केला. खाणीतला घ्यायचा तर २०-२२ सेंटपर्यंत खाली यावं लागत होतं, तेही चाललं असतं, लहान पण चांगला कट असलेला दगड मला मनापासून आवडतो. पण त्यानं लॅबचा ५० सेंटचा धरला, साधारण ५.१ मिलिमीटर, बंद कोंदणात चपटा बसणारा. त्याचं कारण साधं होतं, उरलेले पैसे हातात राहतील.

प्रतवारीत मी त्याला एकाच गोष्टीवर अडून बसायला सांगितलं, कट, म्हणजे पैलू कसे पाडलेत ते. रंग डी पासून सुरू होतो आणि झेड पर्यंत पिवळा होत जातो, पण आपलं कोंदणच पिवळ्या सोन्याचं, त्याची छटा दगडात पडणारच, मग डी चे पैसे कशाला, जी-एच भरपूर झालं. क्लॅरिटीत व्हीएस म्हणजे आतला डाग दहापट लूपखाली पण शोधावा लागतो, त्याच्या वर जाऊन डोळ्याला काही मिळत नाही. पण कट खराब असेल तर प्रकाश खालून निसटून जातो आणि कितीही चांगल्या रंगाचा दगड मेल्यासारखा दिसतो. दगड पोटात जाड ठेवला की वजन वाढतं, किंमत वाढते, वरून मात्र तो लहानच दिसतो, म्हणून मिलिमीटर बघायचे. आणि दुकानातल्या स्पॉटलाइटखाली कधी ठरवायचं नाही, त्या दिव्यात काच पण नाचते, दारापाशी येऊन उजेडात बघायचं, मग ट्यूबलाइटखाली.

खरेदीचा दिवस

घेतली ती मंगळवार पेठेतल्या एका जुन्या सराफाकडे, ते सुट्टा दगड मागवून देतो म्हणाले. सुटा दगड आला, एफ रंग, व्हीएस वन, आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट, त्यावर स्पष्ट लॅबोरेटरी ग्रोन लिहिलेलं.

इथं बंद कोंदणवाल्यांसाठी एक गोष्ट नीट सांगते. रिपोर्टचा नंबर हिऱ्याच्या कंबरेवर, म्हणजे वरचा नि खालचा भाग मिळतो त्या कडेवर, लेझरनं कोरलेला असतो. नख्यांच्या अंगठीत तो नंतरही लूपनं वाचता येतो. बेझलमध्ये ती कडच सोन्याखाली जाते. म्हणून जडवायच्या आधी, दगड सुटा असताना, नंबर स्वतः वाचायचा, रिपोर्टशी आणि लॅबच्या वेबसाइटशी जुळवायचा, काट्यावर वजन बघायचं, आणि जमलं तर जडाई होईपर्यंत तिथंच बसायचं. भाऊ बसला. त्या कारागिराचे हात बघत दोन तास बसला आणि नंतर मला म्हणाला, हे आधी का नाही बघितलं कधी.

बिल असं होतं. सोनं १८ कॅरेट, म्हणजे ७५० चं, हजारात ७५० भाग शुद्ध (सोन्यात कॅरेट म्हणजे वजन नाही, शुद्धता). २२ कॅरेट मऊ पडतं, कोंदणाची कड दबते, म्हणून हिऱ्याला १८. एकूण वजन ३.२४० ग्रॅम, हिरा ०.१००, निव्वळ सोनं ३.१४०, आणि भाव निव्वळवर. मजुरी वेगळी, दगडाची किंमत वेगळी, त्यावर ३ टक्के जीएसटी. बिलावर लॅब ग्रोन हे शब्द आणि रिपोर्ट नंबर लिहून घेतला. हॉलमार्कमध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता, आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, तो दुकानातच बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला. सगळं मिळून ४८ हजाराच्या आत.

आमचं चुकलं ते

एवढं सगळं करून एक साधी गोष्ट आम्ही कुणी विचारलीच नाही. त्याची जबाबदारी माझी, कारण हात आधी बघायचा असं मीच म्हणत होते. आम्ही अंगठी ग्लोव्हजमध्ये बसेल का एवढंच बघितलं. अंगठी घालायला परवानगी आहे का ते नाही बघितलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ती नाईट संपवून सव्वाआठला बाहेर आली. त्यानं आधी चहा पाजला, मग सिद्धेश्वर तलावाच्या कडेला नेलं. झोपेनं डोळे लाल, अंगावर कालचे कपडे. त्यानं विचारलं. आधीच ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं, लॅबचा आहे, एवढ्याला पडला, कर्ज नाही काढलं, आणि तू नाही म्हणालीस तरी चालेल, घरी कुणी काही बोलणार नाही. तिनं अंगठी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली, कडेवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही ग्लोव्ह फाडणार नाही." ते तिला न सांगता कळलं. मग म्हणाली, "पण आमच्यात आयसीयूत अंगठीच चालत नाही रे. हात धुतला तरी तिच्याखाली जंतू राहतात." हो म्हणाली ते या दोन वाक्यांच्या मध्ये कधीतरी, त्याला नीट आठवत नाही, तिला विचारलं तर म्हणते मी आधीच म्हणलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा कपाळावर हात मारला. महिन्यातल्या वीसेक रात्री अंगठी लॉकरमध्ये पडून राहणार. तोडगा तिनंच काढला, चेनमध्ये घालून युनिफॉर्मच्या आत ठेवायची, इनचार्ज सिस्टरना विचारून. आणि बेझलची चपटी अंगठी असल्यामुळे ते जमलं, उंच दगड असता तर आतून टोचत राहिला असता.

चेन मात्र मावशीनं केली. उरलेले २७ हजार होतेच, त्यात तिनं स्वतःची एक तुटकी चेन आणि एकच उरलेली कुडी मोडीत घातली आणि २२ कॅरेटची साधी चेन घडवून घेतली. म्हणाली, हिऱ्याचं तुमचं तुम्ही बघा, हे सोनं आहे, याला मोड आहे. चेन द्यायला ती स्वतः त्यांच्या घरी गेली, आणि दोन्ही घरांची पहिली भेट ती तशी झाली, याद्या नाहीत, पंच नाहीत, दोन आया आणि चहा.

साखरपुडा मे मध्ये झाला, तिच्याच घरी, कूलर पुरत नव्हता एवढं ऊन. अंगठी तीच, नवीन घेतली नाही. १२ नंबर, मण्यांची गरज पडली नाही, त्या उन्हात सांध्यापाशी जराशी अडली आणि बसली. घालायच्या आधी तिच्या वडिलांनी ती मागून घेतली, चष्मा वर करून खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून बघितली, आणि बायकोला तेलुगूत म्हणाले, "वज्रम," म्हणजे हिरा. भावानं त्यांनाही सांगितलं की हा लॅबमध्ये बनवलेला आहे. त्यांनी विचारलं, बनवायला किती दिवस लागतात, कसा बनतो, थर कसा बसतो, आणि अर्धा तास दोघं त्यावरच बोलत बसले, मागावर धाग्यावर धागा कसा चढतो तिथपर्यंत.

आता ती ड्युटीला जाताना गेटवर अंगठी चेनमध्ये ओवते, सकाळी बाहेर आली की काढून बोटात घालते. आठवड्यातनं एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुते, हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो म्हणून तेवढं मी सांगितलंय. दिवाळीनंतर थंडीत ती बोटात फिरायला लागली तर मणी झाळून घ्यायचेत, त्याच कारागिराकडे.